हळू छेडलं तरी बोलणारं मँडोलिन

धरमपेठेतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांनी काही वर्षं स्वस्तातल्या मँडोलिनवर हात बसवला, आता चांगलं वाद्य घ्यायचं आहे. पण ज्या वादकाला विचारावं तो स्वतःच्याच मँडोलिनच्या प्रेमात. का, म्हणून विचारलं तर "आवाज गोड आहे" याच्यापुढे कोणी जात नाही. तर वादकांना आपल्या लाडक्या मँडोलिनचं नेमकं काय आवडतं? लाकूड, कंपनी, दिसणं, की आणखी काही? आणि दुकानात ते ओळखायचं कसं?

मी नागपुरात मँडोलिन वाजवतो, शिकवतो आणि सेटिंगला, म्हणजे तारा-ब्रिज नीट लावायला आलेली वाद्यं हाताखालून घालतो. त्या अनुभवावरून उत्तर आधीच सांगून टाकतो. जोरात वाजवलं की कोणतंही मँडोलिन वाजतं. वादकाचा जीव जडतो तो हळू छेडल्यावर वाद्य किती बोलतं त्यावर. बाकीच्या सगळ्या आवडीनिवडी याच्या मागून येतात.

याचं कारण वाद्याच्या घडणीतच आहे. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि त्यांचे सूर व्हायोलिनसारखेच: खालून जी, डी, ए, ई. तार आखूड असते, नटपासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (पोटावर तारा टेकतात ती घोडी) साधारण ३५ सेंटिमीटर. मीडियम, म्हणजे मध्यम जाडीच्या तारा चढवल्या तर आठही तारांचा मिळून ताण ८० किलोच्या आसपास जातो. एवढा ताण आणि त्याखाली एवढंसं पोट. त्यामुळे तार छेडली की तिच्यातला जोर झपकन लाकडात उतरतो, स्वर उसळून वर येतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. सतार-सरोदचा स्वर मागे रेंगाळतो, तशी सोय इथे नाही. लांब स्वर धरायचा तर ट्रेमोलोच करावा लागतो, म्हणजे पिक (तार छेडायची छोटी चकती) त्या जोडीवर खाली-वर सतत फिरवत ठेवायचा.

आता गंमत अशी की ट्रेमोलोत प्रत्येक आघाताला पिकचा स्वतःचाही एक बारीक 'टक' असतो. जे वाद्य जागं व्हायला जोर मागतं, त्याच्यावर वादक नकळत जोरात मारत राहतो. मग तो टक-टक स्वराच्या वर चढतो आणि भावगीताचा अंतराही खडखडायला लागतो. जे वाद्य हलक्या हाताला जागं होतं, त्याच्यावर पिक नुसता तारेवरून फिरतो, टक खाली राहतो आणि स्वर सलग ऐकू येतो. अशा वाद्यावर आवाज लहान-मोठा करणं हातात राहतं. गायिकेच्या मागे अगदी दबक्या आवाजात राहून दोन ओळींच्या मधल्या जागेत एकदम वर येता येतं. ही मोकळीक एकदा अनुभवली की ती न देणारं वाद्य हातात धरवत नाही. वादक "गोड" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना हेच म्हणायचं असतं.

दुकानात हे तपासायची माझी पद्धत सांगतो. आपला नेहमीचा पिक सोबत न्या, दुकानातला घेऊ नका. आधी चारही जोड्या नीट सुरात लावा. बेसूर वाद्याची पारख कोणालाच करता येत नाही. मग ए जोडी मोकळी ठेवून, ऐकू येईल न येईल इतक्या हलक्या हाताने ट्रेमोलो सुरू करा आणि सावकाश वाढवत न्या. स्वराला अंग कुठून येतं तिकडे कान ठेवा. चांगल्या वाद्यात ते जवळजवळ सुरुवातीपासूनच असतं. मध्यम वाद्यात बराच वेळ नुसती तार ऐकू येते आणि एका टप्प्यावर लाकूड एकदम सामील होतं. मग तेच ई जोडीवर, मानेवरच्या सातव्या पडद्याच्या (धातूच्या आडव्या पट्टीच्या) वर करून बघा. बरीच मँडोलिनं तिथे किरटी होतात. जी जोडीवर उलटा धोका, आवाज घुमतो पण स्वर स्पष्ट होत नाही. चारही जोड्या एकाच वाद्याच्या वाटल्या पाहिजेत. या सगळ्याला दहा मिनिटं पुरतात, पण ती शांततेत मिळाली पाहिजेत. सीताबर्डीच्या संध्याकाळच्या गर्दीत हे जमत नाही, सकाळी दुकान उघडताना जा.

लाकडाबद्दल लोक फार बोलतात, त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. वरची पाटी स्प्रूसची आणि पाठ-बाजू मेपलच्या, हा रूढ मेळ आहे. पाटी सलग लाकडाची आहे की प्लायची, हा खरा प्रश्न. प्लायची पाटी टणक असते, सहसा तडकत नाही, पण हलक्या आघाताला ती हलत नाही. सलग पाटीतही कोरून बाक दिलेली आणि दाबून बाक दिलेली असे प्रकार आहेत. आवाजाच्या भोकाची कड नीट बघितली तर प्लायचे थर दिसतात. सलग लाकडाची रेघ वरच्या पृष्ठभागावरून कडेपर्यंत तशीच खाली उतरलेली दिसते.

भोक लंबगोल असेल तर स्वर जरा भरदार आणि रेंगाळणारा येतो. व्हायोलिनसारखी एफच्या आकाराची भोकं असतील तर आवाज धारदार आणि पुढे फेकलेला येतो. भावगीत, ठुमरी, एकट्याने राग वाजवणं यासाठी मला लंबगोल भोक आवडतं. ढोलकी, ढोलक आणि कीबोर्डच्या गर्दीतून आवाज काढायचा असेल तर एफ भोकं घ्या. पोटाचा बाहेरचा आकार मात्र वेगळी गोष्ट. थेंबाच्या आकाराचं ए-स्टाइल की वेलबुट्टीसारखी गुंडाळी असलेलं एफ-स्टाइल, याचा आवाजाशी संबंध जवळजवळ नाही. गुंडाळीला पट्टा अडकवता येतो आणि ती दिसायला सुरेख असते, पण ती घडवायला मेहनत फार लागते आणि तिचे पैसे तुम्ही भरता. तेवढ्याच पैशात ए-स्टाइलमध्ये लाकूड आणि कारागिरी वरच्या दर्जाची मिळते. पहिलं चांगलं मँडोलिन घेणाऱ्याने ए-स्टाइलच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

एफ-स्टाइलचा दबदबा ज्या वाद्यामुळे झाला त्याची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत गिब्सन कंपनीत लॉइड लोर नावाचे ध्वनीची उत्तम जाण असलेले वादक होते. त्यांच्या देखरेखीखाली १९२२ ते १९२४ या काळात एफ-५ हे मॉडेल तयार झालं. त्यातलं ९ जुलै १९२३ ही तारीख आणि लोर यांची सही असलेलं एक मँडोलिन पुढे मँडोलिनवादक आणि गायक बिल मन्रो यांनी मायामीतल्या एका केशकर्तनालयाच्या खिडकीत पाहिलं आणि १५० डॉलरला घेतलं. त्यांच्या ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या शैलीतला तो कोरडा, तालाच्या दोन ठोक्यांच्या मधोमध पडणारा 'चॉप', म्हणजे छेडताच दाबलेला आघात, याच वाद्यातून आला. १९८५ मध्ये कोणीतरी घरात शिरून लोखंडी सळईने ते फोडलं. चार्ली डेरिंग्टन या कारागिराने त्याच्या ढलप्या जुळवून ते पुन्हा उभं केलं आणि मन्रो पुन्हा तेच वाजवू लागले. त्यांच्यासारख्याला हवं ते मँडोलिन मिळालं असतं. पण जो जोर, जी थाप त्या हाताला कित्येक वर्षांत सवयीची झाली होती ती दुसऱ्या वाद्यातून परत उभी करावी लागली असती. लोर यांच्या सहीची मँडोलिनं आज लाखभर डॉलरच्या वर जातात. त्या किमतीचा आणि मन्रो यांच्या जिव्हाळ्याचा काही संबंध नव्हता.

आपल्याकडची दोन उदाहरणं याच्याही पुढची आहेत, कारण त्यांना मँडोलिनकडून असं काही हवं होतं जे देण्यासाठी ते घडलेलंच नव्हतं. संगीतकार सज्जाद हुसेन मँडोलिनवर हिंदुस्थानी राग वाजवत. पडद्याच्या वाद्यावर, तेही जोडीच्या ताठ पोलादी तारांवर, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) काढायची म्हणजे दोन्ही तारा एकदम आणि सारख्याच ओढाव्या लागतात. एक जराशी मागे राहिली की दोन वेगळे सूर ऐकू येतात. करून बघा, बोटाचं टोक पहिल्याच दिवशी सांगेल. यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी कर्नाटक संगीतासाठी वेगळा मार्ग धरला. जोड्याच काढून टाकल्या आणि पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं. एकेरी तारेवर गमक मोकळेपणाने येते, पाचव्या तारेमुळे खालचं सप्तक हाताशी येतं, आणि स्वर टिकवायचं काम अ‍ॅम्प्लिफायर करतो. जाणकारांनी सुरुवातीला त्या वाद्याकडे संशयाने पाहिलं, पुढे १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोणतं वाद्य चांगलं हे ज्याच्या त्याच्या संगीतावर ठरतं, म्हणूनच मी दुकानात जाण्याआधी विद्यार्थ्याला विचारतो की तुला वाजवायचं काय आहे. मँडोलिनवादक लक्ष्मीकांत कुडाळकर (लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले) किंवा किशोर देसाईंच्या वळणाची हिंदी गाण्यांतली कामं करायची असतील तर जोडीच्या तारांना पर्याय नाही. त्या दोन तारांमध्ये किंचित फरक असतो आणि त्यातूनच तो झळाळ येतो.

त्या जोडीबद्दल आणखी थोडं, कारण वादकांच्या आवडीत हा भाग मोठा आहे आणि बोलला कमी जातो. ए जोडीतली एक तार ४४० हर्ट्झवर आणि दुसरी ४४१ वर असली की सेकंदाला एक अशी लाट ऐकू येते, स्वर फुगतो आणि बसतो. तेवढी चालते. तीन-चार लाटा आल्या की कान दुखतो. आठ तारांचं वाद्य कार्यक्रमभर सुरात ठेवणं हीच मोठी डोकेदुखी असते, त्यामुळे जे मँडोलिन एकदा लावलं की तासभर हलत नाही त्याच्याबद्दल वादक फार हळवे असतात. यात खुंट्यांच्या मशीनपेक्षाही नटच्या खाचांचा वाटा जास्त. खाच अरुंद असली की तार तिच्यात अडकते, खुंटी फिरवली तरी सूर जागचा हलत नाही आणि मग एकदम 'टिक' करून उडी मारतो. तो 'टिक' ऐकू आला की मशीन बदलायच्या मागे लागू नका. खाचेत पेन्सिलीच्या शिशाची पूड घालून बघा, नाही तर जाणत्याकडून खाच घासून घ्या.

इथे सेटिंगचा विषय आलाच. न आवडणारी निम्मी मँडोलिनं वाईट नसतात, कोणी नीट लावून दिलेली नसतात. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबा आणि पहिल्या पडद्यावर तार व पडदा यांमधली फट बघा. केसाएवढी असली पाहिजे. त्याहून जास्त असेल तर नट उंच आहे. पहिल्या पडद्यावर बोट दुखेल आणि दाबताना तार ताणली जाऊन सूरही चढेल. बाराव्या पडद्यावर तारेची उंची ई बाजूला दीड आणि जी बाजूला दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. मग बाराव्या पडद्यावर नुसतं बोट टेकवून येणारा हार्मोनिक आणि तिथेच दाबून येणारा स्वर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज थोडा मागे शेपटीकडे सरकवा, उतरता असेल तर पुढे मानेकडे. मँडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावर उभा असतो. म्हणूनच सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, एक काढून एक चढवायची.

आणि ब्रिजचा तळ. ब्रिजच्या मागे मोबाइलचा दिवा धरा आणि पुढून बघा. तळाखालून उजेडाची रेघ दिसली तर तेवढ्या जागी लाकडाला लाकूड टेकलेलंच नाही. पाटीवर सँडपेपर पसरून, त्यावर ब्रिज हलक्या हाताने मागे-पुढे घासत त्याला पाटीचा बाक घेऊ द्यावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण हळू छेडल्यावर बोलण्यात इतका फरक दुसऱ्या कोणत्याही उपायाने मी पाहिलेला नाही. तीच गोष्ट पिकची. आपल्याकडे बरेच जण गिटारचा पातळ पिक वापरतात, तो तारेवर फडफडतो आणि टक-टक वाढवतो. दीड मिलिमीटरच्या जवळपास जाड, गोल कोपऱ्याचा पिक घ्या. नवीन मँडोलिन घ्यायच्या आधी हे एवढं करून बघावंच.

मानेबद्दल वादक उघडपणे कमी बोलतात, पण सोडवत नाही ती बहुतेकदा मानच. भंडाऱ्याकडचे एक ऑर्केस्ट्रातले वादक माझ्याकडे पडदे बदलायला मँडोलिन घेऊन आले. वाद्य साधं, कोलकात्याच्या बनावटीचं. मानेमागचं पॉलिश पहिल्या पाच पडद्यांपर्यंत पूर्ण गेलेलं, लाकूड हाताच्या घामाने काळपट आणि गुळगुळीत झालेलं. मी सहज म्हटलं, आता याच्यापेक्षा चांगलं घ्या की. तर म्हणाले, "सर, लय पाह्यले. पण माह्या हाताले दुसरं काही पटतच नाही." मोजून पाहिलं तर नटपाशी रुंदी ३० मिलिमीटर, बऱ्याच मँडोलिनना ती साडेअठ्ठावीसच्या आसपास असते. त्यांची बोटं जाड होती. अरुंद मानेवर एक जोडी दाबताना शेजारच्या जोडीला बोट लागत होतं, आणि म्हणून प्रत्येक नवं वाद्य त्यांना अडचणीचं वाटत होतं. दीड मिलिमीटरचा फरक, पण हाताला तो लगेच कळतो. पडदे बदलले, मानेला मात्र पॉलिशचा हात लावला नाही. तुम्हीही घेताना रुंदी मोजा आणि मान मुठीत घेऊन डोळे मिटून वर-खाली सरका. मानेचं पॉलिश चिकट असेल तर नागपूरच्या घामात ते फार त्रास देतं.

नागपूरचं हवामान हा तर स्वतंत्र भाग आहे, आणि पुण्या-मुंबईचे सल्ले इथे पुरत नाहीत. मेअखेरच्या नवतपात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी हवेतली आर्द्रता २० ते २५ टक्क्यांवर येते. सलग लाकडाच्या वाद्याला ४५ ते ५५ टक्के मानवते. लाकूड आकसतं, मानेची रुंदी कमी होते आणि पडद्यांची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला टोचायला लागतात. ती पहिली सूचना समजा. त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर पाटी रेषेत तडकते. जूनच्या मध्यात पाऊस लागला की उलटं. पाटी फुगून वर येते, तारा उंच होतात, पोलादावर गंज धरतो आणि मे महिन्यात बरोबर असलेलं सेटिंग जुलैत चुकीचं ठरतं. ब्रिजला चाकं असतील तर ती फिरवून उंची कमी-जास्त करता येते. अशी चाकं असलेला ब्रिज असेल तरच मँडोलिन घ्या, असं मी नागपूरकरांना सांगतो.

कूलर तर घरोघरी. कूलरच्या झोतात वाद्य कधी ठेवू नका. ती हवा ओलसर असते, कूलर बंद झाला की खोली पुन्हा भट्टीसारखी कोरडी होते, आणि दिवसातून दोन-तीनदा होणारा हा चढ-उतार नुसत्या कोरडेपणापेक्षा वाईट. वाद्य कडक केसमध्येच असू द्या. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओलसर, घट्ट पिळलेला स्पंज घालून केसमध्ये ठेवा; पावसाळ्यात तिथेच सिलिका जेलच्या पुड्या. सोबत एक छोटा आर्द्रतामापक ठेवला की अंदाज लागतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मँडोलिन दहा मिनिटंसुद्धा सोडू नका, ब्रेस (पाटीखालच्या आधारपट्ट्या) आणि मानेचे सांधे धरून ठेवणारा सरस त्या उष्णतेत मऊ पडतो. आणि बाहेरच्या उन्हातून देशपांडे सभागृहासारख्या थंड हॉलमध्ये आलात तर लगेच सूर लावायला बसू नका. तारा गार होताना आकसतात आणि सूर चढतो. केस उघडून वीस मिनिटं वाद्याला हवेशी जुळू द्या, मग लावा.

पण हे सगळं ऐकून सलग लाकडाचं मँडोलिन घेताना बिचकू नका. नागपुरात जपून वापरलेली, वर्षानुवर्षं टिकलेली सलग पाटीची वाद्यं मी हाताळली आहेत, आणि वाजत्या वाद्याचा आवाज काळानुसार मोकळा होतो असा माझ्यासकट बहुतेक वादकांचा अनुभव आहे. मात्र वर्षातून दोनदा, एप्रिलच्या सुरुवातीला आणि पाऊस स्थिरावल्यावर, सेटिंग तपासून घ्यायची तयारी ठेवा. तेवढं होणार नसेल तर प्लायच्या पाटीचं चांगलं लावलेलं मँडोलिन घ्या, ते तुम्हाला जास्त साथ देईल.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दुकानात जायच्या आधी हातातलं स्वस्त मँडोलिन एकदा नीट लावून घ्या: नट, ब्रिजचा तळ, बाराव्या पडद्याचा मेळ, आणि नव्या तारा, पहिल्या खेपेला लाइट, म्हणजे ई तार ०.०१० इंचाची. त्यावर महिनाभर रोज थोडा वेळ फक्त हळू आवाजात ट्रेमोलो करा. हलका हात तयार झाला की दुकानातल्या दोन मँडोलिनमधला फरक तुमचा तुम्हालाच ऐकू येईल, कोणाला विचारावं लागणार नाही. जोरात वाजवायची सवय असेपर्यंत चांगलं आणि साधं दोन्ही सारखंच वाटतं, आणि पैसे गुंडाळीवर जातात. महिन्यानंतरही तुमचं जुनंच बरं वाटलं तर पैसे जपून ठेवा आणि तेच वाजवा.